रबाळ्याच्या कार्टन कारखान्यात सहा महिने लीन कन्सल्टंट: पैसे वसूल झाले का?

साडेतीन स्टार देतोय. दादा म्हणत होता दोन दे, मी म्हणत होतो चार, जेवताना वाद झाला, शेवटी वहिनी म्हणाली मधला आकडा टाका आणि ताटं उचला. कन्सल्टंटचं नाव टाकत नाहीये, मुद्दाम. सर ठाण्यातच राहतात, अधूनमधून भेटतात, माणूस म्हणून वाईट नाहीत, आणि खरं सांगायचं तर या लाइनमधले बरेच जण हेच पॅकेज विकतात, कायझेन, फाइव्ह एस, लीन, सिक्स सिग्मा, म्हणजे वाया जाणं आणि चुका कमी करायच्या पद्धती, सगळं एकाच थाळीत, त्यामुळे नाव राहू दे, थाळीतलं काय खायचं आणि काय बाजूला सारायचं तेवढं लिहितो.

आधी आम्ही कोण ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. रबाळे एमआयडीसीत एक शेड, छपाईचं एक सेकंड हँड चार कलर ऑफसेट, खोकी कापायची दोन डाय पंचिंग मशीन, पेस्टिंगला म्हणजे चिकटवायला नऊ ताई, सगळे धरून सव्वीस माणसं. गोळ्यांची पट्टी ज्या खोक्यात येते ती खोकी आम्ही बनवतो, शिवाय मसाला, अगरबत्ती, थोडं कॉस्मेटिकचं. बाबांनी वागळे इस्टेटला एका गाळ्यात सुरू केलं होतं, नंतर इकडे आलो. म्हणजे मोठी कंपनी नाही, केबिनमध्ये एसी आहे तो पण बिघडलेला.

कन्सल्टंट आणायची वेळ का आली, तर एका औषधवाल्या कस्टमरचं ऑडिट झालं. ऑडिटर पोरगी पंचवीस-सव्वीसची असेल, शांतपणे फिरली, चहा पण नाही घेतला, आणि रिपोर्टमध्ये लिहून गेली की सतत सुधारणा करण्याची कुठलीही पद्धत दिसून येत नाही. दादा भडकला, म्हणाला एवढी वर्षं टिकलोय ते काय सुधारणा न करता? पण रिपोर्ट तर क्लोज करायचा होता, आणि दुसरीकडे सगळेच कस्टमर नऊ दिवसांची डिलिव्हरी सहावर आणा म्हणून मागे लागलेले. मग ओळखीतून हे सर आले. सहा महिने, महिन्याला चार व्हिजिट, सुरुवातीला दोन दिवस ट्रेनिंग, शेवटी सर्टिफिकेट, दोन लाख चाळीस हजार अधिक जीएसटी. आमच्यासाठी हा आकडा लहान नाही.

ट्रेनिंग वाशीला एका हॉटेलात ठेवलेलं, जेवण चांगलं होतं, पनीर भरपूर. बाकी दोन दिवस म्हणजे एकशे ऐंशी स्लाइड. डेमिंग नावाचे अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ १९५० साली जपानला गेले, तिथल्या इंजिनिअर आणि मॅनेजर लोकांना लेक्चर दिली, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने प्राइज सुरू झालं, आपल्याकडे ते पहिल्यांदा १९९८ ला सुंदरम क्लेटन कंपनीला मिळालं, मग मोटोरोलाचं सिक्स सिग्मा १९८६ चं, दहा लाखात ३.४ डिफेक्ट, मग फॉर्म्युला वनच्या गाडीचे टायर दोन सेकंदात बदलतात तो व्हिडिओ, आणि मग अर्थातच डबेवाले. डबेवाल्यांची स्लाइड आली की समजायचं जेवणाची वेळ झाली. हे सगळं खरंच आहे, मी नंतर घरी बसून वाचलं त्यात बहुतेक बरोबरच निघालं, पण आमच्या पंचिंगच्या ऑपरेटरला त्याचं काय करायचं? डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत, सिक्स सिग्माच्या कुठल्या बेल्टची परीक्षा देऊन नाही, झाकणावरच्या खुणा बघून पोचवतायत, आणि ती झाकणावरची खूण कशी चालते ते सरांनी सांगितलंच नाही, फक्त टोपीवाल्यांचा फोटो दाखवून पुढे गेले. खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच होती ना!

आणि ते ३.४. आम्ही महिन्याला सहा-सात लाख खोकी काढतो. म्हणजे त्या हिशोबाने महिन्याला दोन खोकी खराब चालतील. आमच्याकडे उंदीर याच्यापेक्षा जास्त खातात. जिथे चार-पाच टक्के शीट नुसती मशीन सेट करताना जातात तिथे हा आकडा फळ्यावर लिहून उपयोग काय, पोरं हसतात आणि मग बाकीचं पण ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र लागू पडली, ती मागाची. टोयोटा गाड्यांच्या आधी माग बनवायची, साकिची टोयोदा यांचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे एक माणूस बरेच माग सांभाळू शकायचा आणि खराब कापड विणलंच जायचं नाही. आमचा एक हेल्पर आधी भिवंडीला पॉवरलूमवर होता, दीड दिवस पेंगत होता तो एकदम सरळ बसला. म्हणाला सर, आमच्याकडे तार तुटली आणि लक्ष नसलं तर दोन-दोन मीटर कापड वाया, आणि पैसे आमचे कापायचे. मग पुढचा अर्धा तास तोच बोलत होता, सर ऐकत होते. ट्रेनिंगचे पैसे त्या अर्ध्या तासात वसूल झाले असं मी धरतो, बाकी पनीर.

अजून एक, सर म्हणाले कायझेनमध्ये ‘काय’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगला, तर आमचे मामा मागून बोलले, आमच्याकडे काय म्हणजे काय. सगळे हसले, सर पण हसले. मामा म्हणजे पंचिंगचे सीनियर ऑपरेटर, बाबांच्या वेळेपासूनचे, सगळे मामाच म्हणतात, दादा पण.

आता खरी गोष्ट. मामांचा ड्रॉवर.

ट्रेनिंगनंतर पहिलं काम फाइव्ह एस. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसून लख्ख करा, ते तसंच ठेवायचा नियम करा, आणि नियम अंगात मुरवा, पाच जपानी शब्द, सगळे स वरून. साफसफाई म्हटली तर आमच्याकडे वर्षातून एकदा खंडेनवमीला होतेच, मशीन पुसून हळदकुंकू, झेंडू, तर पोरांना वाटलं तेच मधेच आलं. सर स्वतः त्या दिवशी आले नाहीत, त्यांचा ज्युनियर आला, नुकताच पास झालेला, हातात लाल टॅगचा गठ्ठा. नियम असा की जे एक महिन्यात वापरलं नाही त्याला लाल टॅग, टॅग लागलेलं आठवडाभर बाजूला ठेवायचं, कोणी मागितलं नाही तर भंगारात. ऐकायला बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत शेड खरंच मोकळी दिसायला लागली, जुन्या प्लेटा, तुटके पॅलेट, मेलेल्या मोटारी, २०११ ची कॅलेंडरं, पावणेदोनशे किलो निघालं. दादा खूश.

त्यात मामांच्या मशीनखालच्या ड्रॉवरमधली कागदांची भेंडोळी पण गेली. पिवळी पडलेली, त्यावर टेपचे तुकडे चिकटवलेले, कोणालाही कचराच वाटेल. मामा त्या आठवड्यात गावी, चिपळूणला, घरचं लग्न.

ती भेंडोळी काय होती ते सांगतो, कारण सगळा रिव्ह्यू त्याच्यावर आहे. डाय म्हणजे प्लायच्या फळीत खोक्याच्या आकारात बसवलेली ब्लेड. ती मशीनमध्ये लावली, शीट घातली, दाबलं की खोकं कापलं जातं. पण सगळीकडे सारखं कापत नाही, एखाद्या कोपऱ्यात ब्लेड हलकं पडतं, तिथे शीट अर्धवट चिकटून राहते. मग ऑपरेटर मागे एक कागद लावतो आणि जिथे जिथे हलकं पडतंय तिथे पातळ टिश्यू टेपचे तुकडे चिकटवत जातो, एक थर, दोन थर, परत दाबून बघ, परत एक थर, याला पॅचिंग म्हणतात. नवीन डायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. मामा काय करायचे, जॉब संपला की तो पॅचिंगचा कागद फाडून फेकायचे नाहीत, गुंडाळून ठेवायचे. तोच जॉब परत आला की तोच कागद लावायचा, दोन-चार ठिकाणी टेप वाढवायची, दहा-बारा मिनिटांत मशीन चालू. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं, आम्हाला इतकंच माहीत की मामांचा हात जरा फास्ट आहे.

मामा परत आले, ड्रॉवर उघडला, रिकामा. काही बोलले नाहीत. बंद केला आणि मशीन पुसत बसले. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत भंगारवाला घेऊन गेलेला, मी तुर्भ्यापर्यंत जाऊन आलो त्याच्या मागे, माल पुढे पेपर मिलला रवाना. किती वर्षांचे कागद, शंभरएक डायचे असतील. पुढचे दोन महिने रिपीट जॉबला पण नव्यासारखा वेळ. मी सरांना फोन करून बरंच बोललो, जे बोलायला नको होतं ते पण बोललो. एक स्टार तिथे गेला. माणसाच्या मागे त्याचा ड्रॉवर उघडायचा नाही हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं. आणि खरं तर चूक आमची पण आहे, टॅग लावताना सही माझीच होती, आठवडाभर थांबायचं होतं तेही दादाने थांबू दिलं नाही, भंगारवाला दारात आलाच आहे तर देऊन टाक म्हणाला.

सरांच्या बाजूने एवढं सांगतो की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला स्वतः आले, ऐरोली ब्रिजचं ट्रॅफिक लागायच्या आत. सरळ मामांकडे गेले, ज्युनियरला पण सोबत आणलेलं, दोघांनी माफी मागितली. मामा म्हणाले जाऊ द्या सर, पोरगं आहे. मग सरांनी विचारलं, मामा मला दाखवाल का ते कागद कसे बनवता? आणि त्या दिवशी सर सहा तास पंचिंग मशीनशेजारी उभे राहिले, स्टूल दिलं तर बसले नाहीत, स्टॉपवॉच आणि वही, तोंडातून शब्द नाही. या सहा तासांसाठी मी चार स्टार म्हणत होतो.

त्या दिवशीचे आकडे माझ्याकडे अजून आहेत. एक जॉब संपून दुसऱ्याचं पहिलं चांगलं खोकं पडेपर्यंत एकशे बारा मिनिटं. आम्हाला कोणी विचारलं असतं तर आम्ही पाऊण तास सांगितलं असतं, अगदी छातीठोक. त्यातली चौदा मिनिटं डाय शोधण्यात, रॅकवर दीडशे डाय, कोणाचा नंबर कुठे ते देवाला माहीत. बारा मिनिटं क्रीझची म्हणजे घडी पाडायची मॅट्रिक्स पट्टी कापण्यात, अकरा मिनिटं डायचं निघालेलं रबर परत चिकटवण्यात, नऊ मिनिटं क्वालिटीवाला जेवायला गेला म्हणून ओके मिळायची वाट बघण्यात. बेरीज छेचाळीस. पस्तीस मिनिटं पॅचिंग. उरलेली एकतीस डाय चेसमध्ये म्हणजे लोखंडी चौकटीत आवळणं आणि लेय, म्हणजे शीट बसायची जागा, जुळवणं.

सरांनी वही उलटी करून मामांना दाखवली आणि एकच प्रश्न विचारला, यातलं काय काय मशीन थांबवल्याशिवाय करता येणारच नाही? मामांनी पेन घेतलं आणि पहिल्या चारवर काट मारली. डाय आधीच शोधून ठेवता येते, पट्टी आधीच कापता येते, रबर आधीच चिकटवता येतं, क्वालिटीवाल्याला आधीच सांगून ठेवता येतं. म्हणजे छेचाळीस मिनिटं मशीन उगाच उभं होतं.

हीच ती शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची पद्धत, मशीन बंद असतानाची कामं वेगळी काढायची आणि चालू असतानाची वेगळी, आणि जेवढी ढकलता येतील तेवढी पहिल्यातून दुसऱ्यात ढकलायची. टोयोटाच्या हजार टनाच्या प्रेसवर चार तासांचं काम त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं होतं. इंग्रजी नाव सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय, त्यात सिंगल मिनिट आहे म्हणून दादाला वाटत होतं एका मिनिटात डाय बदलायची, आणि तो पहिल्यापासून म्हणत होता की हे थापा मारतायत. सिंगल म्हणजे एक आकडी मिनिटं, दहाच्या आत. आम्ही काही दहाच्या आत गेलो नाही, आणि हाताने शीट घालायच्या मशीनवर जायची गरज पण नाही.

आता काय करतो तर जॉब चालू असतानाच हेल्पर पुढच्या जॉबची ट्रॉली लावतो, डाय, कापलेली पट्टी, रबर तपासलेलं, आणि मंजूर नमुना. प्रत्येक डायला प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा बांधलाय, इलेक्ट्रिशियनच्या दुकानातला, त्यात तिचा पॅचिंगचा कागद गुंडाळून, वर डायचा नंबर. मामांचा ड्रॉवर आता डायबरोबरच फिरतो म्हणा. रिपीट जॉब पंचेचाळीसच्या आसपास बसतो, नवीन जॉब पासष्ट-सत्तर. दिवसाला एका मशीनवर तीन बदल धरले तर तुम्हीच हिशोब करा. नवीन मशीन घ्यायचं चाललं होतं, कोटेशन पण मागवलेलं, ते तूर्त राहिलं.

चालण्याचा हिशोब पण त्याच आठवड्यात केला. सर म्हणाले लेआउटच्या कागदावर दोरा लावून बघा माणूस कुठे कुठे जातो, त्याच्याआधीच एका हेल्परने मोबाइल काढून दाखवला, शिफ्टमध्ये अकरा हजार पावलं. म्हणजे पोरगं रोज रबाळ्याहून तुर्भ्यापर्यंत चालत जातंय म्हणा, शेडच्या आतल्या आत. शाई एका टोकाला, कपडा दुसऱ्या टोकाला, टेप ऑफिसच्या कपाटात कुलपात. कुलूप का, तर चार वर्षांपूर्वी कोणीतरी दोन रोल घरी नेले होते. दोन रोलसाठी चार वर्षं चालतोय आम्ही. जपानीत वाया जाण्याला मुदा म्हणतात, सात प्रकार सांगितलेत, वाट बघणं, उगाच चालणं, माल इकडून तिकडे, पडलेला स्टॉक, गरजेपेक्षा जास्त काढणं, नको तेवढी प्रोसेस आणि खराब माल. पोरं मुदाचा मुर्दा करून टाकतात, पॅलेटवर अर्धवट शीट पडून राहिल्या की ओरडतात मुर्दा पडलाय उचला. चालतंय, अर्थ तोच.

आता ‘का?’ हे पाच वेळा विचारायचं, ते. हे ऐकायला बालिश वाटतं, मला पण वाटलं होतं. एका कस्टमरकडून तक्रार आली की खोकी बाजूच्या चिकटीतून उघडतायत. मीटिंगला पहिलंच उत्तर आमच्या सुपरवायझरचं, पेस्टिंगच्या बायका लक्ष देत नाहीत. सरांनी ते फळ्यावर लिहिलंच नाही, म्हणाले माणसाचं नाव आलं की परत पहिल्यापासून. का उघडतं, गोंद धरत नाही. का धरत नाही, फ्लॅपवर व्हार्निश आहे आणि व्हार्निशवर आमचा गोंद बसत नाही. तिथे व्हार्निश का लागलं, कोटिंगमध्ये तेवढी पट्टी मोकळी सोडलेली नाही. का सोडली नाही, मशीनवाल्याला कोणी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, जॉब कार्डवर तसा रकानाच नाही. झालं, पाचव्याला कागदावर आलो. जॉब कार्डवर एक ओळ वाढवली, फ्लॅप मोकळा हो की नाही, आणि सही. खर्च शून्य. त्यानंतर ती तक्रार आलेली नाही.

पण मला जे लागलं ते वेगळंच. मीटिंग संपल्यावर पेस्टिंगच्या एक ताई म्हणाल्या, भाऊ, मी दिवाळीपासून सांगतेय की चकचकीत भागावर गोंद बसत नाही. कोणाला सांगत होत्या? सुपरवायझरला. त्याच सुपरवायझरला ज्याचं पहिलं उत्तर बायका लक्ष देत नाहीत होतं. यावर दादा आणि मी दोघंही गप्प बसलो.

जे चाललं नाही ते थोडक्यात. ॲप घ्यायला लावलं, महिन्याला दीड हजार, त्यात सगळे आकडे भरायचे म्हणजे रंगीत आलेख येतात. आकडे कोण भरणार, तर मी, रात्री अकराला, वहीतून बघून. तीन महिन्यांनी बंद केलं. पोस्टर लावली, इंग्रजी, त्यावर हेल्मेट घातलेला गोरा माणूस अंगठा दाखवतोय. सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात आहे, ऑडिटला उपयोगी पडलं हे मान्य करतो, ऑडिटर तीच पोरगी, या वेळी चहा घेतला. शिवाय शेवटच्या दोन व्हिजिटला सर ग्रीन बेल्टचा कोर्स विकत होते, माणशी अठरा हजार, तो मी घेतला नाही.

सूचना पेटीचं मात्र मजेशीर झालं. पहिल्या महिन्यात चौदा चिठ्ठ्या, त्यातल्या नऊ एकाच गोष्टीच्या, पेस्टिंगला पंखा लावा. सर म्हणाले याला प्रोसेस इम्प्रूव्हमेंट म्हणता येणार नाही, वेगळ्या रजिस्टरला टाका. दादाने, आणि हे मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं, त्याच संध्याकाळी घणसोलीहून दोन वॉल फॅन आणून लावले. पुढच्या महिन्यात एकतीस चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या सात-आठ खरंच कामाच्या, ट्रॉलीची उंची टेबलाएवढी करा ही त्यातलीच. आधी पंखा लावा मग सूचना मागा, एवढं साधं आहे, पण पीपीटीत पंखा नव्हता.

पीडीसीएचा फळा पण लावलेला, प्लॅन, डू, चेक, ॲक्ट चार रकाने. आमचा प्लॅनचा रकाना कायम भरलेला, डूमध्ये चार ओळी, चेकचा कोरा. डेमिंग नंतर नंतर म्हणायचे चेक नको, स्टडी म्हणा, नुसतं तपासून टिक मारू नका, बघा काय झालं ते. आम्ही टिक पण मारत नव्हतो. फक्त पंचिंगच्या मिनिटांचा रकाना भरला जायचा कारण तो मामा स्वतः खडूने भरायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पैशाबद्दल एक महत्त्वाचं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. केंद्र सरकारची एमएसएमईसाठी, म्हणजे आमच्यासारख्या लहान-मध्यम उद्योगांसाठी, लीनची स्कीम आहे, मार्च २०२३ मध्ये नवीन रूपात सुरू झाली, तेव्हा मंत्री नारायण राणे होते, बेसिक, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि कन्सल्टंटच्या फीचा ९० टक्के भार सरकार उचलणार असं जाहीर केलेलं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, लागतं, ते आमचं होतंच. म्हणजे सरळ पूर्ण फी भरायच्या आधी तिथे चौकशी करायला हवी होती, आम्ही केली नाही, कळलं तेव्हा तिसरा हप्ता गेला होता. सरांना विचारलं तर म्हणाले त्यात पेपरवर्क फार असतं. असेल, पण निदान सांगायचं तरी. अर्धा स्टार तिथे.

सहा महिने संपले आणि दोन महिन्यांत गणपती आले. चार माणसं कोकणात, वर मसालेवाल्याची दिवाळीची ऑर्डर, कसली ट्रॉली आणि कसले पाइप, डाय मिळेल तिथे ठेवलेल्या. फळ्यावर मामांनी ऐंशी मिनिटं लिहिलं, मग अठ्ठ्याऐंशी, खाली कोणीतरी खडूने रडका चेहरा काढला. सगळं परत मूळ पदावर येतंय असं वाटलं. ते सावरलं भिवंडीवाल्या हेल्परने, एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आला, रॅकच्या प्रत्येक खणावर ऑइल पेंटने नंबर आणि डायच्या टोकाला तोच नंबर तोच रंग, म्हणजे चुकीच्या खणात घातली की लांबूनच डोळ्यात खुपतं. मी विचारलं कुठून सुचलं, म्हणाला डबेवाल्यांच्या स्लाइडवरून. मी काय बोलणार.

कोणी असा कन्सल्टंट घेणार असेल तर कोटेशनमध्ये ट्रेनिंगचे दिवस आणि मशीनशेजारी उभं राहायचे दिवस वेगळे लिहून घ्या, आणि मशीनशेजारी कोण उभं राहणार, सर की ज्युनियर, ते पण लिहून घ्या. आमच्या चोवीस व्हिजिटपैकी सर स्वतः शेडमध्ये दोन तासांपेक्षा जास्त थांबले अशा मोजून सात. जे काही मिळालं ते त्या सातांत मिळालं.

सध्या महिन्याला एक दिवस बोलावतो, दिवसाचे पैसे, लॅपटॉप आणायचा नाही या बोलीवर. मागच्या वेळी ऑफसेटच्या ब्लँकेट वॉशवर, म्हणजे छपाईचं रबर धुतात तिथे, उभे होते, तिथले आकडे पंचिंगपेक्षा भयानक निघालेत. मामांनी त्यांच्यासाठी स्टूल ठेवलंय, अजून बसलेले नाहीत.